पाय चालले, हात राहिला

अर्धांगवायूतून उठलेला माणूस काठी टेकत सोसायटीच्या आवारात पहिली फेरी मारतो आणि घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. "बाबा आता चालायला लागले," असे नातेवाइकांना फोनवर कळवले जाते. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा येत असतात ते एकदा येऊ लागतात, मग येणे थांबते. बाबांचा उजवा हात त्या वेळी कोपरात दुमडून छातीशी चिकटलेला असतो. अंगठा मुठीत अडकलेला असतो. मूठ उघडून तळवा धुवायला दुसऱ्या माणसाची मदत लागते. त्या हाताबद्दल कोणी काही विचारत नाही, आणि काही महिन्यांनी बाबाही विचारेनासे होतात.

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अशी घरे किती आहेत, हे त्या घरांत जाणाऱ्या थेरपिस्टना चांगले ठाऊक आहे. या घरांत उपकरणे नसतात असे नाही. दारावर पुली असते, रबरी चेंडू असतो, पट्ट्यांचा स्प्लिंट असतो, करंट देणारे मशीन असते. ज्यांना परवडते ते मोठ्या रुग्णालयातल्या रोबोवरही जाऊन येतात. तरी हात राहतो. माझे म्हणणे असे की, उपकरणाने हाताला रोज किती आणि कोणते काम करायला लावले, एवढ्यावरच त्याची किंमत ठरते. ते काम नेमून देणारा जाणकार माणूस घराजवळ नसेल, तर स्वस्तातली पुली आणि लाखांचा रोबो यांत फारसा फरक उरत नाही.

आधी आजाराचा आवाका पाहू. लीलावती रुग्णालयाचे डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २००५ ते डिसेंबर २००६ या काळात महापालिकेच्या एच विभागातल्या, म्हणजे वांद्रे-खार-सांताक्रूझ पट्ट्यातल्या, सुमारे दीड लाख लोकवस्तीत पक्षाघाताची मोजणी केली. आयुष्यात पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ जण सापडले. वर्षाला लाखामागे १४५ असे हे प्रमाण होते. त्यांतले जवळजवळ ३० टक्के लोक २८ दिवसांच्या आत गेले. उरलेले घरी आले. सरासरी वय होते ६६. आपल्या उपनगरांत केलेले असे काम विरळच, आणि त्याचे मोल मोठे आहे. पण जे जगले त्यांच्या हातांचे पुढे काय झाले, हा प्रश्न अशा कोणत्याही मोजणीच्या पुढचा आहे.

तो प्रश्न मागे पडण्याची सोय आपल्या मोजपट्ट्यांतच आहे. पक्षाघातानंतर रुग्ण किती सावरला हे ठरवण्यासाठी डॉक्टर जी रँकिन पट्टी जगभर वापरतात, तिच्यात मधल्या दोन पायऱ्यांमधली रेषा 'आधाराशिवाय चालता येते की नाही' यावर आखली आहे. हाताचा त्यात वेगळा उल्लेख नाही. सरकारी याद्याही तशाच. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरील पात्र नागरिकांना साहाय्यभूत साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड, काठी, व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, लंबर बेल्ट, सर्व्हायकल कॉलर ही नावे योजनेत आहेत. गुडघा आहे, कंबर आहे, मान आहे. हातासाठीच्या एकाही साधनाचे नाव नाही. योजना आखणाऱ्यांचा यात दुष्टावा नाही. आपल्या घरांत जे मोजले जाते तेच यादीत उतरले.

हात मागे राहतो याला शरीरातले कारणही आहे. मेंदूतल्या ज्या मधल्या धमनीत अडथळा येण्याचे प्रमाण सर्वाधिक, तीच हात आणि चेहरा चालवणाऱ्या भागाला रक्त पुरवते. पायाचा भाग बहुतांशी दुसऱ्या धमनीवर असतो. त्यामुळे पुष्कळदा हाताचे नुकसान पायापेक्षा जास्त होते. शिवाय चालायचे तर दोन्ही पाय टाकावेच लागतात, त्यामुळे दुबळ्या पायाचा सराव दिवसभर आपोआप होतो. हाताचे तसे नाही. डावा हात चहाचा कप उचलतो, दार उघडतो, मोबाइल लावतो. सगळे भागते. भागते म्हणूनच उजवा हात कामातून उठतो.

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी हीच गोष्ट आधी माकडांत आणि नंतर माणसांत अभ्यासली. त्यांचे म्हणणे असे की, सुरुवातीच्या दिवसांत हात हलवायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतो, मेंदू तो नाद सोडतो, आणि पुढे हातात थोडी ताकद परतली तरी तो वापरला जात नाही. यावर त्यांनी काढलेला उपाय धीट होता: चांगल्या हातालाच मिटन घालून अडकवायचे आणि दुबळ्या हाताला कामाला लावायचे. या उपायाची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तिच्यात होते. दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगला हात मिटनमध्ये, आणि रोज काही तास दुबळ्या हाताचा सराव. नेहमीची सेवा घेणाऱ्यांपेक्षा या गटाचे हात चांगले सुधारले, आणि वर्षानंतरही तो फरक टिकला. अट एकच होती, मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता यायला हवीत. यातले उपकरण म्हणजे कापडाचा एक जाड मोजा. काम केले ते तासांनी.

तासांचीच तर आपल्याकडे वानवा आहे. अमेरिकेतल्या कॅथरीन लँग यांनी २००९ मध्ये प्रत्यक्ष उपचारसत्रांत बसून मोजले, तेव्हा हाताचा कामाचा सराव एका सत्रात सरासरी ३२ वेळाच होत असल्याचे दिसले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतली जुळणी बदलते ती दिवसाला काहीशे आवर्तनांनी. अमेरिकेतल्या सुसज्ज केंद्रांत ही गत, तर मुलुंडच्या चाळीत पाऊण तासासाठी येणाऱ्या आणि त्यातही पायाला प्राधान्य द्यावे लागणाऱ्या थेरपिस्टकडून काय अपेक्षा करणार? दोष त्या थेरपिस्टचा नाही. दिवसाला पाच-सहा घरे, मधला प्रवास, आणि "आधी यांना उभे करा" ही घरच्यांची मागणी.

इथेच उपकरणाची खरी गरज येते, आणि इथेच आपण चुकीचे उपकरण निवडतो. दारावरच्या पुलीचेच पाहा. दोरीच्या एका टोकाला चांगला हात, दुसऱ्या टोकाला दुबळा. चांगल्या हाताने खाली ओढले की दुबळा हात डोक्यावर जातो. हात वर गेलेला दिसतो, सगळ्यांना बरे वाटते. आत काय होते? पक्षाघातात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून थोडा खाली सरकतो. निरोगी माणसाने हात वर नेला की पाठीवरचे खांद्याचे पाते त्याच्यासोबत फिरते. इथे ते फिरत नाही, आणि दोरीच्या ओढीने मधले मऊ भाग चिमटले जातात. १९९० मधल्या एका छोट्या अभ्यासात पुलीवर व्यायाम करणाऱ्यांपैकी ६२ टक्के रुग्णांचा खांदा दुखू लागला. थेरपिस्टने हाताने हलवलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. अमेरिकेच्या हृदयरोग आणि पक्षाघात संघटनांनी २०१६ मध्ये काढलेल्या पुनर्वसनाच्या मार्गदर्शिकेत अशी डोक्यावरची पुली वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. तरी मेडिकल स्टोअरमध्ये ती मिळते, शेजारी सुचवतात, आणि दुखरा खांदा घेऊन माणूस उरलासुरला व्यायामही सोडून देतो.

चेंडूची गोष्ट थोडी वेगळी. मूठ आवळण्याची ताकद बहुतेकांत आधी परतते, अडते ते मूठ उघडण्यापाशी. दिवसभर टीव्हीसमोर बसून चेंडू दाबणारा माणूस जे येते त्याचाच सराव करत असतो. स्प्लिंटबद्दलही भाबडेपणा नको. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या ६३ रुग्णांच्या चाचणीत चार आठवडे रात्रभर स्प्लिंट घालूनही मनगटाचे आखडणे कमी झाले नाही. अंगठा तळव्यात रुतत असेल, कातडी खराब होत असेल, तर स्प्लिंट हवाच. पण मे महिन्याच्या घामात रात्रभर तो बांधला म्हणजे हाताचा उपचार झाला, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

मग हाताला काम कसे लावायचे? एक साधा प्रसंग बघा. जेवणाच्या टेबलाशी माणूस बसला आहे. समोर हातभर अंतरावर स्टीलची वाटी. ती धरायला सांगितली की तो कोपर सरळ न करता सगळे धड पुढे झुकवतो आणि खांदा उचलून हात वाटीवर टाकतो. वाटी मिळाली, घरचे खूश. जाणकार थेरपिस्ट मात्र त्याची छाती खुर्चीच्या पाठीला ओढणीने हलकेच बांधते आणि पुन्हा सांगते, "आता घ्या काका." धड झुकू शकत नाही म्हटल्यावर कोपराला उघडावेच लागते. सुरुवातीला कोपर दोन बोटांइतकेच उघडते, थरथरते, थांबते. मग ती हाताखाली घडी घातलेला नॅपकिन ठेवते, म्हणजे हात उचलावा लागत नाही, नुसता सरकवता येतो. ओढणी आणि नॅपकिन, हीसुद्धा साहाय्यभूत साधनेच. त्यांच्यामागे शरीराची पक्की समज आहे, म्हणून ती चालतात. पुढे कपड्यांचे चिमटे येतात, डाळीतून राजमा वेचणे येते. पोळपाट-लाटणे तर यासाठीच घडवल्यासारखे आहे. लाटण्यावर दुबळ्या हाताची बोटे चांगल्या हाताच्या जोडीने ठेवली की दोन्ही मनगटे आणि कोपरे एकाच लयीत पुढे-मागे जातात. पोळी गोल झाली नाही तरी चालेल.

ज्यांचा हात जराही हलत नाही त्यांना हे सगळे जमणार नाही, हे मान्य. त्यांच्यासाठी आरसा आहे. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा, दुबळा हात त्याच्यामागे झाकायचा, आणि चांगल्या हाताच्या हालचालीचे प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलवण्याचा प्रयत्न करायचा. मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांच्या प्रयोगशाळेने कापून काढलेल्या हाताच्या जागी जाणवणाऱ्या वेदनांसाठी वापरलेली ही युक्ती १९९९ मध्ये पक्षाघातावर आजमावली गेली. २०१८ मध्ये कॉक्रेन संस्थेने अशा ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन हाताची हालचाल सुधारण्याला मध्यम दर्जाचा पुरावा असल्याचा निर्वाळा दिला. विजेचे सौम्य झटके देऊन मनगट आणि बोटे उघडणारी यंत्रेही आहेत. मात्र झटका बसत असताना रुग्णाने स्वतः हात उघडायचा प्रयत्न करायचा असतो. पलंगावर पडून "करंट लावून घेणे" हे त्यातले अर्धेही नव्हे.

आता रोबो. या विषयावर दोन टोकांची बोलणी ऐकू येतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. रोबोचे बलस्थान उघड आहे, न थकता शेकडो आवर्तने करून घेणे. नेमका त्याच आधारावर ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांची चाचणी झाली, ती २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाला बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पाऊण पाऊण तास रोबोवर सराव. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ थेरपिस्टकडून सराव. तिसऱ्याला नेहमीची सेवा. हाताच्या उपयोगात रोबोचा गट नेहमीच्या सेवेपेक्षा पुढे गेला नाही. काही मोजमापांत हातातली हालचाल वाढली होती, पण ती हालचाल ताटापर्यंत, बटणापर्यंत पोचली नाही. हे वाचून रोबो मोडीत काढू नयेत. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून मनगट आणि बोटांसाठी 'प्लूटो' नावाचा लहान, टेबलावर मावणारा रोबो घडवला आहे. हैदराबादच्या आयआयटीतून पुढे आलेल्या 'आर्मएबल'वर हात सरकवत खेळ खेळता येतात. मला ही दिशा योग्य वाटते, कारण यंत्र जितके लहान तितके ते रुग्णाच्या जवळ जाईल. पण यंत्राने मोकळी केलेली हालचाल वाटी-चमच्यात उतरवणारे कोणी हवे. तो दुवा ब्रिटनमध्ये निसटला, आपल्याकडे तर तो मुळात बांधलेलाच नाही.

मग ते काम घरचेच करतील, असे म्हणायला सोपे आहे. आपल्या कुटुंबव्यवस्थेवर आपला फार विश्वास. तोही तपासून झाला आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाची चाचणी झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. घरच्या एका माणसाला पुनर्वसनाचे प्रशिक्षण देऊन त्याच्याकडे काम सोपवले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन ४७ टक्के, फरक शून्य. हा निष्कर्ष मला या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरांतल्या सुना, मुली, बायका जीव तोडून करतात. त्यांच्या मायेत काही कमी नाही. पण माया ही थेरपिस्टच्या पदाला पर्याय नाही, आणि "घरी करून घ्या" असे सांगून व्यवस्थेने अंग काढून घेऊ नये, एवढे तरी या चाचणीवरून म्हणता येते.

हाताचे काम जिचा मूळ विषय आहे, त्या ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे व्यवसायोपचाराची, देशातली पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईतच, परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू केली कमला निंबकर यांनी. अमेरिकेत जन्मलेल्या, निंबकरांच्या घरात सून म्हणून आलेल्या या बाईंचे नाव आज फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे अनेकांना माहीत असते, पण त्यांचे हे काम थोड्यांना. हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ ची. व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी महापालिकेची तिन्ही रुग्णालये म्हणजे केईएम, नायर आणि शीव. नकाशावर पाहा. एकही शीवच्या पलीकडे नाही. माणसे मात्र गेली कित्येक दशके बोरिवली-दहिसरकडे आणि मुलुंडकडे सरकत आहेत.

एक हात चालत नसलेल्या माणसाने हाजी अलीच्या संस्थेसाठी बोरिवलीहून महालक्ष्मीला जायचे म्हणजे काय? लोकलच्या दांड्याला धरायला एकच हात, त्याच हातात काठी. सोबत मुलगा हवा, म्हणजे त्याची सुट्टी. मुलुंडकरांना वर दादरचा पूल. रिक्षा-टॅक्सीचे भाडे आठवड्यातून तीनदा किती जण देतील? अंधेरीच्या आणि मुलुंडच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत पुनर्वसनाच्या चांगल्या सोयी आहेत, पण आरोग्यविमा मुख्यतः भरती असतानाचा खर्च उचलतो आणि हाताला लागतात ते महिने घरी आल्यानंतरचे.

हात परत मिळवणे आणि हाताशिवाय भागवणे, या दोन्हींची साधने वेगळी आहेत, आणि माणसाला दोन्ही लागतात. आपल्याकडे उजव्या हाताने जेवण्याला जे स्थान आहे, त्यामुळे उजवी बाजू गेलेला माणूस पंगतीला, लग्नाला जायचे टाळतो. डाव्या हाताने घास घेताना लोक पाहतील, ही लाज. त्याच्या उजव्या तळव्यावर पट्ट्याने चमचा बांधून दिला तर तो वाकड्या हाताने का होईना, स्वतः वरणभात खाऊ शकतो. सुरीने भाजी चिरायला दोन हात लागतात. विळी पायाने धरली जाते, त्यामुळे जमिनीवर बसता येणाऱ्या बाईला एका हातानेही तिच्यावर काही चिरता येते. पण दुबळ्या हाताला स्पर्श कळत नसेल तर पात्याजवळ तो नेऊ नये. इतके बारीक, घरागणिक वेगळे निर्णय कोणतेही यंत्र घेणार नाही.

"सहा महिन्यांत जे यायचे ते येते," हे वाक्यही आता सोडायला हवे. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात तीन आठवड्यांत ९० तासांचा हाताचा सराव करून घेतात. २०१९ मध्ये त्यांनी २२४ रुग्णांचे निकाल मांडले. निम्म्यांना झटका येऊन दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ झाला होता, तरी हात लक्षणीय सुधारले आणि सहा महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. तुलनेचा गट नव्हता, ही मर्यादा आहे. पण सहा महिन्यांनंतर दार बंद करणाऱ्यांकडे याहून चांगला पुरावा नाही.

म्हणून मागणी साधी आहे. राजावाडी, कूपर आणि मुलुंडचे अग्रवाल या रुग्णालयांत, आणि वस्तीतल्या आपला दवाखान्यांत आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, हाताच्या पुनर्वसनासाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ असावेत. आरसा, मिटन, चमच्याचा पट्टा, स्प्लिंट आणि विजेचे छोटे यंत्र तिथून घरी वापरायला मिळावे आणि परत करता यावे. वयोश्री योजनेच्या यादीत हाताच्या साधनांची नावे लिहावीत. पवईच्या आयआयटीत वैद्यकीय उपकरणांसाठी 'बेटिक' हे केंद्र २०१४ पासून काम करते आहे. दहा बाय दहाच्या खोलीत, जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत चालेल असे हाताचे यंत्र त्यांनी घाटकोपर-भांडुपच्या घरांत बसून घडवावे. रोबो जरूर घ्यावेत, पण एका रोबोच्या पैशात किती थेरपिस्टांचा किती वर्षांचा पगार होतो, हा हिशोब मांडून मगच.

आणि ज्यांच्या घरी असा हात आहे त्यांना एक विनंती. पुढच्या भेटीत डॉक्टरांना चालण्याविषयी विचारून थांबू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी चिठ्ठी मागून घ्या, या महिन्यात हाताने कोणते एक काम करायचे ते लिहून घ्या, आणि दारावर पुली लावली असेल तर जाणकाराने खांदा तपासेपर्यंत ती वापरू नका.